हरेशला ‘बस’ म्हणू नये

तक्रारदार : जगन्नाथ हिरू, राहणार पनवेल, धंदा अर्ज, प्रतिज्ञापत्रे व तत्सम कागद लिहून देणे.

ज्याच्या वतीने तक्रार : हरेश हिरू, तक्रारदाराचा सख्खा धाकटा भाऊ. त्यास स्वतःस तक्रार करता येत नाही.

ज्यांच्याविरुद्ध : गावातील एका प्राथमिक शाळेचे त्या वेळचे मुख्याध्यापक. हयात आहेत. नाव मला पाठ आहे, परंतु येथे लिहीत नाही. नाव लिहिले की लोक माणसाविषयी बोलतात आणि कृत्य बाजूला राहते.

साक्षीदार : आई, मयत. शाहीन आपा, परदेशी असतात. भोईर गुरुजी, सेवानिवृत्त. यांनी सर्व हकीकत मजजवळ तोंडी मान्य केली आणि सहीची वेळ आली तेव्हा चष्मा घरी राहिल्याचे सांगितले. चष्मा त्यांच्या खिशात होता. शेवटचा साक्षीदार मी स्वतः.

दिनांक : दिनांकाशिवाय अर्ज म्हणजे तोंडाशिवाय माणूस, असे मी रोज लोकांना सांगतो. येथे मात्र तो मुद्दाम लिहीत नाही. मुदत संपली, असे सांगण्याची सोय मला कोणालाही करून द्यायची नाही.

आमचे घर एस.टी. स्टँडच्या मागल्या गल्लीत होते. पुढे शेणाने सारवलेली ओटी, आत एक खोली, मागे चुलीचा कोपरा. बाबा भाताच्या गिरणीत कामाला होते. संध्याकाळी परतत तेव्हा भुवयांपासून पोटऱ्यांपर्यंत कोंड्याने माखलेले असत, आणि अंगणात उभे राहून पंच्याने स्वतःला झोडपून घेतल्याशिवाय आई त्यांना ओटीवर पाय ठेवू देत नसे. आई करंजाच्या बंदरावरून सुकी मासळी आणून बाजारात विकत असे. त्यामुळे आमच्या घरात पाहुणा शिरला की आधी नाकाला हात लावी आणि मग नमस्कार करी. आम्हाला तो वास येत नसे. सकाळी तांदळाची भाकरी आणि भाजलेली सुकट, दुपारी बोंबलाचे आंबट आणि भात, रात्री दुपारचेच. स्टँडवर एक भोंगा होता. त्यातून कंट्रोलर नाकातल्या आवाजात दिवसभर सांगत असे, “पेणकडे जाणारी बस फलाटावर लागली आहे. उरणकडे जाणारी बस फलाटावर लागली आहे.” त्या भोंग्याच्या आम्ही इतके जवळ राहत होतो की आम्हाला तो ऐकूच येत नसे. आणि आमच्या गल्लीत बसला बस कोणी म्हणत नसे. आम्ही यस्टी म्हणत असू. बाबा यस्टीने उरणला जात, आई यस्टीच्या टपावर टोपल्या चढवी. गाडी या अर्थाने ‘बस’ हा शब्द भोंग्याचा होता, घराचा नव्हता. ही बाब मी आरंभीच नमूद करून ठेवतो, कारण पुढचा सगळा अन्याय तिच्यावर उभा आहे.

हरेश माझ्याहून पुष्कळ लहान. तो बोलायला उशिरा लागला आणि लागला तेव्हा आमच्यासारखे बोलला नाही. तहान लागली तर तो माझे मनगट धरून माझाच हात माठावर नेऊन ठेवी. तासन्‌तास ओटीच्या कडेला बसून कोंड्याची चिमूट उन्हात सोडी आणि ती खाली उतरेपर्यंत हसत राही. नव्या सदऱ्याच्या गळ्याशी शिवलेली चिंधी टोचली तर सदरा फाडून काढी. गर्दीत कोणी मागून धरले तर चावे. चावे म्हणजे खरोखर चावे. माझ्या दंडावर त्याची खूण अजून आहे आणि ती मी पुरावा म्हणून कोणालाही दाखवीन. संध्याकाळी आई त्याला यस्ट्या बघायला स्टँडवर नेई. तेवढा वेळ तो फलाटाच्या कठड्याला हनुवटी लावून असा शांत उभा राही की ओळखीचे कंडक्टर त्याला “काय साहेब, तपासनीला आला काय?” म्हणून सलाम ठोकत. गल्लीने मात्र त्याला नावे ठेवली होती. येडा, भूत लागलेला, खुळ्या. आज सभासमारंभांतून अशा मुलांसाठी फार गोड शब्द वापरतात. त्या गोड शब्दांचा मला राग नाही. पण ते बोलणाऱ्यांतल्या काहींची बालपणची तोंडे मला माहीत आहेत. आमच्या ओटीसमोरून जाताना हरेशवर खडे मारणारे हात आज त्याच समारंभांत दिवे लावतात. मी समोर बसून टाळ्या वाजवत नाही, एवढेच.

आईने हट्टाने त्याला शाळेत घातले. शाळा स्टँडच्या पलीकडच्या अंगाला होती, आणि शाळेतून पहिल्या आठवड्यापासून निरोप येऊ लागले. निरोप नेहमी एकच. गुरुजी म्हणतात, “हरेश, बस!” तर तो उठतो. पुन्हा म्हणतात, “बस!” तर दाराकडे धावतो. धरला तर चावतो. वर खोटेही बोलतो. कोणी बोट लावलेले नसताना “लागली आहे, लागली आहे” म्हणून ओरडतो. मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावून सर्वांदेखत सांगितले, “मुलाला आज्ञापालन माहीत नाही. वर मास्तरांनी मारलं असं लोकांना भासवतो. लबाड आहे.” बाबा गिरणीतल्या अंगाने उभे होते. त्यांनी मान खाली घातली, आणि घरी येऊन हरेशला ओटीच्या खांबाशी धरून मारले. मारताना ते ओरडत होते, “बस आता! बस! बस!” आणि हरेश मार खात खात दाराकडे ओढ घेत होता आणि म्हणत होता, “लागली आहे.” आई मध्ये पडली. तिला वाटले पोराला भूक लागली. तिने भाकरी आणली. त्याने भाकरी फेकली. मग आईनेही एक ठेवून दिली.

मी रोज लोकांच्या मारहाणीच्या फिर्यादी लिहितो. त्यात कोणी, कोणास, कशाने, कोणत्या कारणावरून, असे लिहावे लागते. ही एकच फिर्याद मला कधी लिहिता आली नाही, कारण ‘कोणत्या कारणावरून’ या प्रश्नाला आमच्या घरात त्या वेळी उत्तरच नव्हते. भगताने उतारा सांगितला, तो झाला. शेजारच्या तात्यांनी सांगितले, “हिरू, दोन रट्टे कमी पडतात रं तुजे.” तेही झाले. एका डॉक्टरांनी झोपेचे औषध दिले. त्याने हरेश झोपला आणि जागा झाल्यावर पुन्हा चावला. मी त्या सुमारास दहावीत इंग्रजी आणि गणित या दोन विषयांत नापास होऊन घरी बसलो होतो. माझे अक्षर मात्र वळणदार होते. गल्लीतल्या लोकांची पत्रे मी लिहीत असे आणि मजकूर सुधारूनही देत असे, न विचारता.

शाहीन आपा आमच्याकडे आल्या त्या बोंबलांमुळे. मोहल्ल्यातल्या. यजमान आखातात कामाला. आपांनी मुंबईत राहून अशा मुलांना शिकवण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि सासू आजारी म्हणून परत येऊन राहिल्या होत्या. आईच्या टोपलीतून बोंबील निवडता निवडता त्यांनी आईच्या मनगटावरचे चावे पाहिले.

“काकी, हे कुत्र्याचे नाहीत.”

“नाय,” आई म्हणाली. “माज्या पोराचं हाय. घ्याचं तर घ्या बोंबील, नाय तर ऱ्हाऊं द्या.”

आपांनी बोंबील घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर येऊन बसल्या. त्यांनी हरेशला हाक मारली नाही, त्याचा गाल ओढला नाही, “नाव काय तुझं बाळ?” असे विचारले नाही. नुसत्या बसल्या. कोंड्याची चिमूट उन्हात सोडली. हरेश त्यांच्याकडे न बघता जवळ सरकला. नंतर त्या बऱ्याचदा आल्या. आईला आणि बाबांना प्रश्न विचारत ते तीनच. त्याच्या आधी काय झालं? मग त्याने काय केलं? आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत? बाबा वैतागत. “अवं बाई, आदी काय, मंग काय! पोरगा चावतं. दुसरं काय व्हनार?” आपा हसून म्हणत, “भाऊ, चावायच्या आधीचं सांगा ना. चावलेलं मला दिसतंय.” या चौकशीचे महत्त्व मला फार पुढे कळले. आज माझ्यासमोर पक्षकार बसला की मी त्याला हेच विचारतो, आणि त्यातल्या बहुतेकांना घटनेच्या आधीचे सांगता येत नाही. स्वतःला लागलेलेच तेवढे आठवते.

एका रविवारी आईने आपांना जेवायला ठेवून घेतले. मासळी होती, जवळ्याची चटणी होती, भात होता. हरेश माझ्या शेजारी व्यवस्थित जेवत होता. आई आपांच्या ताटात भात वाढत राहिली, तिला हात आवरता येत नसे, आणि आपा ताटावर हात धरून म्हणाल्या, “बस, काकी, बस. बस!”

हरेश उठला. भाताचा हात तसाच. “लागली आहे,” म्हणाला आणि दाराकडे पळाला. बाबांनी सवयीने त्याचा दंड मागून पकडला आणि हरेशने सवयीने तो चावला.

“बगा,” आई रडवेली झाली. “भूक लागली बोलतंय आनि जेवन टाकून पलतंय.”

“काकी, भरल्या ताटावरून उठून भूक लागली म्हणेल का कोणी?” आपा म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांनी बोट वर केले. आम्हाला वाटले त्यांना उचकी लागली. त्या ऐकत होत्या. बाहेर भोंगा सांगत होता, उरणकडे जाणारी बस फलाटावर लागली आहे. आपा तशाच उष्ट्या हाताने उठल्या. त्यांनी हरेशला परत आणून ताटासमोर चटईवर थोपटले, तो बसला. मग हलकेच म्हणाल्या, “पुरे.” हरेश जेवत राहिला. “थांब.” जेवत राहिला. मग, तोंड दुसरीकडे करून, अगदी सहज, “बस.” हरेश उठला. “लागली आहे.” दार.

बाबांनी दंड चोळायचे थांबवले.

“म्हंजे,” बाबा म्हणाले, “मी बस बोललो, ते ह्याला...”

“तुम्ही त्याला सांगत होता, भाऊ, की गाडी आली. शाळेत गुरुजी सांगत होते, गाडी आली. तो जात होता. मग तुम्ही त्याला गाडी आली, गाडी आली म्हणत धरून ठेवत होता.” त्यांचा आवाज चढला. आपांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. “हा मुलगा हुकूम मोडत नाही हो. हा हुकूम पाळतोय. या घरात आणि त्या शाळेत हुकूम पाळणारा हा एकटाच आहे.”

आईने हातातला डाव चुलीवर असा आपटला की त्याचा दांडा वाकला. ती बाबांवर चिडली होती, शाळेवर चिडली होती, का स्वतःवर, ते तिने कधी सांगितले नाही. तो वाकडा डावच नंतर आम्ही वापरला.

त्याच दुपारी हरेशशी कसे वागावे याचा आराखडा लिहायला घेतला. आपा सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. माझ्या आयुष्यातला तो पहिला रीतसर कागद. मी सुरुवात केली, “सदरहू मुलगा नामे हरेश यास येणेप्रमाणे वागविण्यात यावे.” आपा वाचून हसल्या. “जगन्नाथ, अरे हा काय कोर्टात उभा राहणार आहे? शाळेतल्या कोणालाही एका वाचनात कळेल असं लिही.” मी खट्टू झालो, पण लिहिले. हरेशला ‘बस’ म्हणू नये. बसवायचे असल्यास चटईवर हाताने थोपटावे आणि ‘खाली टेक’ म्हणावे. थांबवायचे असल्यास ‘पुरे’ म्हणावे. मागून धरू नये. समोर येऊन हात पुढे करावा. त्याला गाडी बघावीशी वाटली तर त्याच्याजवळ गाडीचे चित्र राहील, ते त्याने गुरुजींच्या हातात द्यावे. पळून जाण्याऐवजी मागायला शिकणे हा त्याचा अभ्यास समजावा. चित्र दिल्याबरोबर ‘आता नाही, पाटी झाल्यावर’ असे सांगावे, आणि पाटी झाल्यावर त्याला खिडकीशी नेऊन गाडी नक्की दाखवावी. या शेवटच्या वाक्यातला ‘नक्की’ आपांनी मला ठळक करायला लावला. “एकदा जरी शब्द मोडला ना, तर त्याने परत आपल्यावर भरवसा का ठेवायचा?” गाडीचे चित्र मी काढले. लाल पेन्सिल संपली म्हणून मागची चाके आईच्या कुंकवाने रंगवली.

घरात हा आराखडा पाळणे बाबांना सगळ्यात जड गेले. ‘बस’ हा शब्द काढून घेतल्यावर माणसाला कळते की तो दिवसातून किती वेळा तोंडात येतो. आत्येचे यजमान आले, बाबा ओटीवर उठून उभे राहिले, “या या, ब...” आणि शब्द गिळून म्हणाले, “टेका.”

“टेका?” पाहुणे चपला हातात धरून उभेच. “का रं हिरू, बसाय नको का आमी? जातो म्हंजे परत.”

“टेका हो मुकाट्यानं! नियम हाय घरात.”

गल्लीत ही थट्टा पसरली. बाबा दिसले की पोरे “टेका, टेका” ओरडत. बाबा एरवी मारायला धावले असते. त्या दिवसांत ते नुसते हसत. कारण हरेश चावायचा थांबला होता. जादू झाली नव्हती. सदरे तो फाडीतच होता आणि पाऊस पत्र्यावर वाजला की कान दाबून किंचाळतच होता. पण चित्र हातात घेऊन तो बाबांसमोर उभा राहू लागला, आणि बाबा कोंड्याने भरलेल्या अंगानेच त्याला स्टँडवर नेऊ लागले.

आता शाळेविषयी. आई, बाबा, आपा आणि मी असे सगळे मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. त्यांनी आराखडा हातात घेतला आणि मोठ्याने वाचला. हे महत्त्वाचे आहे. मनात वाचला नाही, मोठ्याने वाचला, आणि पहिल्या ओळीशी थांबून हसले.

“‘हरेशला बस म्हणू नये.’ वा! म्हणजे एका पोरासाठी मी आता मराठी भाषा बदलू?”

“भाषा नाही, सर. एक शब्द. तोही एकाच मुलाशी बोलताना,” आपा म्हणाल्या.

“आणि आम्हाला मराठी कोण शिकवणार? तुम्ही?”

त्या ‘तुम्ही’त काय होते ते खोलीतल्या प्रत्येकाला समजले. आपांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “सर, मी याच शाळेची आहे. पहिल्या बाकावर असायचे. एका शब्दाचे दोन अर्थ कसे होतात, हे मला तुम्हीच शिकवलंत. त्याचे मार्कही दिले होतेत.”

मुख्याध्यापकांनी त्यांना ओळखले की नाही, कळले नाही. वर्गाचे भोईर गुरुजी नवे, तरुण होते, ते मध्येच म्हणाले, “सर, करून बघतो मी. माझ्या वर्गात आहे ना, माझ्या अंगावर.” मुख्याध्यापक म्हणाले, “बघा. पण तपासणी तोंडावर आहे, हे लक्षात ठेवून बघा.” आणि त्यांनी आराखडा आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. माझे अक्षर त्या काचेखाली फार चांगले दिसत होते.

भोईर गुरुजींनी पाळले. मी सांगतो, कारण सुरुवातीला मलाच व्हरांड्यात बसवून ठेवले होते. ते चटई थोपटत, “खाली टेक” म्हणत आणि हरेश टेकत असे. इतर पोरांनाही गंमत वाटली. सगळा वर्ग एकमेकांना “खाली टेक” म्हणू लागला. हरेश चित्र देई, गुरुजी “पाटी झाल्यावर” म्हणत, आणि पाटी झाल्यावर ते खरोखर त्याला खिडकीशी नेत. मग गुरुजींना कल्पना सुचली. गाडीच्या पाटीवरचीच अक्षरे शिकवावीत. त्यांनी ‘पेण’ काढून दिले. हरेशने ते बोटाने गिरवले, मग पेन्सिलीने गिरवले, आणि एका संध्याकाळी स्टँडवर, बाबांचा हात सोडून, तो गाडीच्या समोर गेला, पाटीवर बोट नेले आणि मोठ्याने म्हणाला, “पेण.” गाडीत चढणारी एक बाई म्हणाली, “व्हय रं बाबा, पेनच हाय, सरक आता.” बाबांनी तिला हात जोडले. ती बिचारी घाबरली. त्यानंतर ‘उरण’ आला. आईने त्या दिवशी घावन केले, नारळाचा रस केला, आणि बाबांनी गिरणीतल्या सगळ्यांना सांगितले की माझा पोरगा दोन गावे वाचतो.

तपासणीच्या दिवशी शिक्षण खात्याचे मोठे साहेब वर्गात आले. मी व्हरांड्यात, खिडकीच्या गजाशी होतो. मुले उभी राहिली, “नमस्ते साहेब” म्हणाली. मुख्याध्यापक म्हणाले, “बसा.” सगळी बसली. ‘बसा’ने हरेशला काही होत नसे, भोंगा कधी ‘बसा’ म्हणत नव्हता. तो उभाच राहिला, गुरुजींकडे बघत, आपल्या सूचनेची वाट बघत. एवढे शहाणपण त्या खोलीत दुसऱ्या कोणाजवळ नव्हते. साहेब म्हणाले, “हा का उभा?” भोईर गुरुजी चटईकडे वाकले. त्यांचा हात थोपटण्यासाठी खाली गेलेला मी पाहिला. मुख्याध्यापकांनी आपला हात आडवा केला. गुरुजी थांबले. मुख्याध्यापकांनी हरेशकडे बघितले आणि म्हणाले, “ए. बस.”

हरेश म्हणाला, “लागली आहे.” आणि निघाला. त्याच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते. मोठ्या माणसाने सांगितले होते, तो जात होता. मुख्याध्यापकांनी त्याला मागून धरले. मागून. तो चावला. साहेबांनी रुमाल काढून आपल्याच हाताला धरला, जणू त्यांनाच चावले होते, आणि म्हणाले, “असली मुलं ठेवता तुम्ही?” मी दारातून आत धावलो आणि ओरडलो, “पुरे, हरेश, पुरे!” तो तत्क्षणी थांबला. साऱ्या वर्गासमोर, साहेबांसमोर थांबला. ते कोणी पाहिले नाही. सगळे मुख्याध्यापकांचे मनगट बघत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला आमच्या हातात पडला. आम्ही मागितलेला नव्हता. दाखल्यात ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि त्यात प्रत्येक मुलाला ‘चांगली’ असे लिहून मिळते. दोन विषयांत नापास झालेल्या मलाही मिळाले होते, आमच्या ओटीवर खडे मारणाऱ्यांनाही मिळाले असणार. हरेशच्या रकान्यात लिहिले होते : अत्यंत वाईट. आई मासळीची टोपली डोक्यावर घेऊनच शाळेत गेली. शिपाई म्हणाला, वास येतो, टोपली बाहेर ठेवा. तिने ठेवली नाही.

“तुमाला सांगितलं हुतं ना, ह्यो शब्द बोलू नका? लिवून दिलं हुतं ना?”

“गडबडीत तोंडातून गेलं हो बाई,” मुख्याध्यापक म्हणाले. “माणूस आहे मी.”

“आनि माजा पोरगा कोन हाय?”

त्याच दिवशी सायंकाळी मुख्याध्यापक भोईर गुरुजींना म्हणाले होते, “चला, एकदाचा निकाल लागला.” हे गुरुजींनी मला स्वतः सांगितले. म्हणजे आईजवळचे बोलणे वेगळे आणि गुरुजींजवळचे वेगळे. माझ्या धंद्यात याला जबाबातील विसंगती म्हणतात आणि एवढ्यावर मोठमोठे दावे फिरतात.

आपा पुढे काही काळ हरेशला आपल्या घरी शिकवत होत्या. मग सासू वारल्या आणि यजमानांनी त्यांना आखातात बोलावून घेतले. दुसऱ्या शाळांनी दाखल्यातला तो रकाना वाचून दाखला परत केला. एकीने तर टेबलावरही ठेवू दिला नाही. हरेश आज माझ्याजवळ असतो. केस पांढरे झाले आहेत. सकाळी कोवळ्या उन्हात बसतो, माझ्या सुनेला सुकट निवडून देतो, एक काडीही राहू देत नाही. त्याला ‘पेण’ वाचता येते, ‘उरण’ वाचता येते. ‘पनवेल’ वाचता येत नाही. ते पुढच्या आठवड्यात घ्यायचे ठरले होते.

माझ्या हातून लिहिलेल्या अर्जांवर या तालुक्यातले कित्येक लोक जमिनीचा मोबदला, पेन्शन आणि वारसाहक्क मिळवून गेले. हा एक अर्ज मी एवढी वर्षे लिहिला नाही, कारण तो कोणत्या कार्यालयात द्यायचा ते मला ठाऊक नव्हते. अजूनही नाही. म्हणून तो पुस्तकात देत आहे.

सबब, माजी मुख्याध्यापकांस नम्र परंतु आग्रहाची विनंती की, त्या दिवशी आपण गुरुजींचा हात अडवून तो शब्द उच्चारला तो मुद्दाम की विसरून, याचा लेखी खुलासा स्वतःच्या सहीने करावा. विसरून असल्यास तसे लिहावे. मी ते हरेशला त्याला समजेल अशा शब्दांत सांगेन. मुद्दाम असल्यास तसे लिहावे, तेही सांगेन. ‘आता आठवत नाही’ हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही, कारण ज्यास विसरता येत नाही असा एक माणूस या प्रकरणी पक्षकार आहे. तसेच, आज त्या खुर्चीवर जे कोणी असतील त्यांनी शाळेच्या नोंदीतील हरेश हिरू याच्या नावापुढील ते दोन शब्द लाल शाईने खोडून तेथे ‘चांगली’ असे लिहावे व दुरुस्त दाखला द्यावा. तो घेऊन आम्हाला कोठेही जायचे नाही. तरीही द्यावा. लेखी उत्तर मिळेपर्यंत हे प्रकरण दप्तरी दाखल झाले असे कोणीही समजू नये.